धाकटी नदी आणि सात बाजांचे सुंभ

मी एक जुनी नदी आहे. दचकू नका, मित्रांनो. माझ्यात पाय बुडत नाही, माझे पाणी ओंजळीत येत नाही आणि माझ्या काठावर कोणी धुणे धूत नाही. मी आकड्यांची नदी आहे. एका लॅपटॉपच्या पोटात राहते. शिकलेली माणसे मला मॉडेल म्हणतात. जिने मला घडवले ती अश्विनी मात्र मला ‘धाकटी’ म्हणायची. बाहेर उन्हात वाहणारी खरी नदी ती थोरली, आणि मी तिची धाकटी बहीण.

थोरली आपल्या नगर जिल्ह्यातलीच. राहुरीच्या बाजूला, एका धरणाच्या खाली वाहते. तिच्या काठच्या ज्या गावात ही गोष्ट घडली, त्याचे नाव मी सांगणार नाही. भागूबाईंनी मला तशी शपथ घातली आहे. आकड्यांच्या नदीला कोणी शपथ घालते का, असे तुम्ही म्हणाल. भागूबाईंनी घातली, आणि ती मी पाळते. त्यांचे माझ्याकडे पैशाअडक्याचे देणे नाही, पण माझ्या हातून त्यांचे जे गेले ते परत येणारे नाही. निदान शपथ तरी पाळावी.

अश्विनी पारनेर तालुक्यातली. तिच्या गावाला नदी नाही, ओढा आहे, तोही पावसाळ्यात चार दिवस पाहुण्यासारखा येऊन जातो. पाणी दिसले की आधी हात जोडायचे, हे तिच्या अंगात लहानपणापासून मुरलेले. शिकून ती एका संस्थेत लागली आणि तिच्याकडे काम आले ते नदीचेच. धरणातून नदीत किती पाणी सोडले म्हणजे कुठे किती खोली राहील, कुठे किती वेग राहील, आणि त्यात कोणता जीव तग धरील, हे आधी सांगायचे. थोरलीवर असले प्रयोग करता येत नाहीत. तिचे पाणी तोडून बघावे तर मासे मरतात आणि मेलेले मासे परत येत नाहीत. माझे पाणी मात्र कितीही वेळा तोडा. आकडा बदलला की मी पुन्हा भरून वाहते. तेवढ्यासाठीच तर माझा जन्म.

मला घडवायला दोन हिवाळे लागले. अश्विनीने नदीवर अकरा किलोमीटरच्या टप्प्यात चौसष्ट ठिकाणी आडव्या रेघा आखल्या. अशा एका रेघेला छेद म्हणतात. कलिंगड आडवे कापले की आतले दिसते, तसा छेद घेतला की नदीचा तळ दिसतो. दर दोन मीटरवर पाण्यात उभे राहायचे, उंच रंगीत मोजपट्टी तळाला टेकवायची आणि आकडा ओरडून सांगायचा. पट्टी धरायला गावातला सहादेव असायचा. चाळिशीचा, कमी बोलणारा, पाण्यात सरावलेला माणूस. तो कंबरभर पाण्यातून ‘एक दहा!’ ‘एक चाळीस!’ असे ओरडे आणि काठावर बसलेली अश्विनी ते वहीत लिही. संध्याकाळी ती आकडे माझ्यात भरी. एकेक छेद आला की माझ्या अंगाला एकेक बरगडी फुटल्यासारखे मला वाटायचे.

मला डोळे नाहीत. मला दिलेल्या आकड्यांतूनच दिसते. ऐकू मात्र येते, कारण लॅपटॉपला बारीकसा कान असतो. म्हणून सदतिसाव्या छेदाच्या दिवशी काय झाले ते मला शब्दन् शब्द आठवते.

सदतिसावा छेद साती आसरांच्या डोहावर येत होता. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात देवी. डोहाच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड आहेत. तिथे चपला वर काढून ठेवायच्या, डोहात पाय घालायचा नाही, काठी घालायची नाही आणि गळ-जाळ्याचे तर नावही काढायचे नाही. त्या डोहात सोनेरी खवल्यांचे खडस मासे होते, हातभर लांब, काही त्याहून मोठे. गावाने त्यांना कधी मारले नाही. ती आसरांची लेकरे. सहादेवची आई भागूबाई रोज सकाळी आंघोळ झाली की कणकेच्या गोळ्या घेऊन यायच्या. त्यांच्या बांगड्या वाजल्या की मासे काठाला येत, अगदी दगडाला तोंड लावून उभे राहत.

‘‘पोरी, ती पट्टी हितंच ठिव,’’ भागूबाई म्हणाल्या. ‘‘बाकीच्या नदीत कुटं बी खुपस. हितं न्हाई. हे आसरांचं घर हाय.’’

‘‘मावशी, नुसती खोली बघायची होती.’’

‘‘मग मला इचार की. माज्या सासऱ्यानं सांगितल्यालं हाय. सात बाजांचं सुंभ उसवून एकाला एक गाठ मारून सोडलं, तरी तळ लागला न्हाई.’’

अश्विनी हसली, पण तिने चपला काढून हात जोडले. पट्टी खाली ठेवली. सात बाजांचे सुंभ, म्हणजे खाटा विणायचा दोर, शेकडो फूट होईल, एवढा काही डोह नसतो, हे तिला कळत होते. म्हणून तिने गावातल्या दोन जुन्या माणसांना विचारले. एक म्हणाला चाळीस फूट, दुसरा म्हणाला तीस. तिने त्यातला कमी आकडा घेतला. आपण सावध वागलो असे तिला वाटले.

‘‘दादा, तीस फूट असेल ना?’’ तिने सहादेवला विचारले.

सहादेव पट्टीवरचा गाळ पुसत होता. तो जरा वेळ पुसतच राहिला. मग म्हणाला, ‘‘आसंल. आई म्हनती म्हंजी आसंल.’’

झाले. माझ्यात नऊ मीटर खोल डोह तयार झाला. मित्रांनो, माझ्या चौसष्ट छेदांपैकी त्रेसष्ट पाण्यात उतरून आले आहेत. एक ऐकून आला. अश्विनीने वहीत त्याच्यापुढे लिहिले होते, ‘स्थानिक लोकांची माहिती, मोजलेले नाही’. पण वहीतला आकडा माझ्यात आला आणि पुढचे पाच शब्द वहीतच राहिले. माझ्यात शब्दांना जागा नाही. माझ्या लेखी मोजलेला आकडा आणि ऐकीव आकडा दोन्ही सारखेच खरे.

पुढे मला माशांच्या आवडीनिवडी शिकवल्या. खडस माशाला किती खोल पाणी लागते, किती वेग सोसतो, तळाला गोटे हवेत की गाळ चालतो, पाणी किती तापले की त्याचा श्वास कोंडतो. मग मी नदीचा नकाशा रंगवू लागले. जगायला चांगली जागा हिरवी, कशीबशी ती पिवळी, मरणाची ती तांबडी. त्या पावसाळ्यात थोरलीची पाणीपातळी आणि माझी पातळी ताडून पाहिली. चार बोटांच्या आत जुळली. संस्थेत पेढे वाटले. ज्या कार्यालयात धरणाच्या पाण्याचे वेळापत्रक ठरते, तिथले वैजनाथ सर मला बघायला आले. सर भला माणूस. ते पडद्याजवळ खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, ‘‘इतकी वर्षं आम्ही अंदाजानं पाणी सोडलं. आता ही सांगेल तसं सोडू.’’ सगळ्यांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवले आणि मी चढले.

मग सरांनी तो प्रश्न विचारला. उन्हाळ्यात नदीपात्रात सत्तर दिवस पाणी सोडलेच नाही, सगळे कालव्यालाच दिले, तर नदीतले जीव जगतील का?

मी सत्तर दिवस चालवून दाखवले. पाणी उतरत गेले. उथळ जागा पिवळ्या झाल्या, मग तांबड्या. पण मधोमध एक जागा शेवटपर्यंत हिरवीगार राहिली. सदतिसावा छेद. नऊ मीटर खोल डोह, त्यात सत्तर दिवसांत जेमतेम दोन मीटर पाणी कमी झाले. मासे तिथे गोळा होतील आणि पुढचे पाणी येईपर्यंत सुखाने राहतील, असे मी सांगितले. अश्विनीने अहवाल लिहिला. खाली तिची सही आली.

दोन वर्षे पाऊस चांगला झाला. सत्तर दिवसांची वेळ आलीच नाही. तिसऱ्या वर्षी पावसाने पाठ फिरवली. धरण अर्धेही भरले नाही. माझा अहवाल कपाटातून बाहेर निघाला आणि अकरा मार्चला नदीचे पाणी बंद झाले. पुढचे पाणी, म्हणजे पुढचे आवर्तन, वीस मेला.

सव्वीस एप्रिलला भागूबाईंचा फोन आला. ‘‘पोरी, आसरांच्या पायरीखालची पायरी उघडी पडली. मी लग्न हून आले तवापासून ती पायरी बघितलेली न्हाई.’’

अश्विनीने मला उघडले आणि विचारले. मी ताबडतोब सांगितले, डोहात सात मीटरच्या वर पाणी आहे. हिरवे. तिने फोनवर तसेच सांगितले, ‘‘मावशी, काळजी करू नका. अजून चार पुरुष खोल पाणी आहे खाली.’’

‘‘तू म्हनतीस म्हंजी आसंल,’’ भागूबाई म्हणाल्या.

त्या वाक्याने आजही माझा जीव कासावीस होतो. त्यांच्या डोळ्यांपुढे डोह आटत होता आणि त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. पुढचे चार दिवस कोणी काही केले नाही. ते चार दिवस मी खाल्ले. कुंपणानेच शेत खावे तसे.

तीस तारखेला सहादेवने मोबाईलवर फोटो पाठवला. पाण्याच्या वर माशांच्या पाठी दिसत होत्या. सात मीटर पाण्यात पाठी कशा दिसतील? अश्विनी दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने निघाली. मला पाठीवरच्या पिशवीत घेतले होते. वाटेतल्या शाळांत झेंडावंदन चालले होते. महाराष्ट्र दिन होता. सगळी कार्यालये बंद.

डोहावर पोचताच ती पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. मग तिने सहादेवला एवढेच विचारले, ‘‘दादा, किती खोल आहे हा?’’

सहादेवने आईकडे पाहिले.

‘‘मी उतरल्तो,’’ तो म्हणाला. ‘‘तुमी मापं घ्यायला यायच्या आदल्या साली. पिकाला पानी न्हवतं. पहाटं मोटार लावली डोहावर. पाइपाचा फुटबॉल गाळात रुतला, तो काडायला उतरलो. छातीभर पानी हुतं, ताई. नुसतं छातीभर. खाली सगळा गाळ. पुरानं डोह कवाच भरून काडल्याला.’’

फुटबॉल म्हणजे पाण्याच्या पाइपाच्या टोकाची झडप. त्या एका झडपेसाठी त्याने आसरांच्या घरात पाय घातला होता, आणि तिथले पाणी उपसले होते. ज्या बाईने जन्मभर तो डोह राखला, तिच्याच पोटच्या मुलाने. हे तो आईसमोर कसे सांगणार होता? तो पट्टीवरचा गाळ पुसत राहिला होता, तो त्यामुळे.

भागूबाईंनी त्याला मारले नाही, शिव्या दिल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ‘‘येवडं माज्याजवळ बोलला आसतास, सहादू. मी आसरांच्या पाया पडून तुला मोकळा केला आसता.’’

मग त्यांनी लुगड्याचा काचा मारला, अश्विनीच्या हातातली मोजपट्टी घेतली, सात दगडांना हात जोडले आणि त्या डोहात उतरल्या. सत्तरीची बाई. अश्विनी ‘मावशी, मावशी’ करत राहिली. गाव काठावर उभे होते. मासे त्यांच्या पायांभोवती गोळा झाले. त्यांना वाटले, कणीक आणली.

‘‘लिव,’’ भागूबाई ओरडल्या. त्यांना पट्टीवरचे आकडे वाचता येत नव्हते. ‘‘पोटरीभर! … गुडघाभर! … गुडघ्याच्या वर इतभर! … मांडीभर! … मांडीभर! … गुडघाभर!’’ काठावरून अश्विनी पट्टीवरचा ओला डाग बघून आकडे लिहीत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होते. सर्वांत खोल जागा बासष्ट सेंटीमीटर निघाली.

तिने मला तिथेच पिंपळाखाली उघडले आणि सदतिसावा छेद पुन्हा भरला. मित्रांनो, तो क्षण मला सांगवत नाही. माझ्या अंगातून नऊ मीटर पाणी एका दमात काढून घेतले. मी पुन्हा धावले. जिथे तीन वर्षे हिरवे होते तिथे तांबडे भडक आले. डोह नऊ दिवसांत कोरडा. त्याच्या आधीच, पाचव्या-सहाव्या दिवशी, तापलेल्या पाण्यात माशांचा श्वास कोंडणार. आणि आवर्तन एकोणीस दिवसांवर. मी गणित उलटसुलट करून पाहिले. आकडा बदलला की मी भरून वाहते, अशी बढाई मारली होती ना मी? त्या दिवशी कोणताच आकडा बदलता येईना.

अश्विनीने वैजनाथ सरांना फोन केला. सुट्टी असून त्यांनी उचलला. धरणातून चार तास पाणी सोडले तरी डोहाला पंधरा दिवस पुरेल, एवढे मी काढून दिले होते. सर ऐकत राहिले. मग म्हणाले, ‘‘मॅडम, वेळापत्रक तुमच्याच मॉडेलवर मंजूर झालंय. ते बदलायला समिती लागते. समितीची बैठक चौदा तारखेला.’’

‘‘सर, चौदा तारखेला तिथं मासे नसतील.’’

‘‘मला कळतंय. पण मी वर काय सांगू? काल हेच मॉडेल हिरवं म्हणत होतं, आज तांबडं म्हणतंय. उद्या काय म्हणेल?’’

सरांनी तरी तीन ठिकाणी फोन लावले. एका ठिकाणी उचलला नाही, दुसरीकडे लेखी मागितले, तिसरीकडे ‘माशांसाठी पाणी?’ म्हणून कोणीतरी हसले. दोन मे गेला. तीन मे गेला. कागद टेबलावरून टेबलावर सरकत होता आणि डोह रोज चार बोटे खाली जात होता. भागूबाईंनी कणीक टाकणे बंद केले. गोळीच्या मागे धावले की मासे एकमेकांवर चढून गाळात फसत होते.

चार मेच्या पहाटे पहिले तीन मासे पांढरे पोट वर करून तरंगले. भागूबाईंनी अश्विनीला हात जोडले. ‘‘पोरी, तुज्या पेटीला इचार. यांना कुटं न्हेऊ?’’

अश्विनीने मला विचारले. मी सगळी नदी धुंडाळली. वर चार किलोमीटरवर एक बंधारा होता, त्याच्या पाणी अडवायच्या फळ्या त्या वर्षी घातलेल्या होत्या आणि मागे पाणी साठलेले होते; ते खाली सोडले असते तर वाटेतच मुरले असते, पण माशांना तिथे पुरेसे होते. हा छेद सहादेवने पट्टी टेकवून मोजलेला. खोली तीन मीटर. खाली पाणी गार. तळाला गोटे. मी हिरवा रंग भरला. शंभरात एक्क्याण्णव गुण दिले. या वेळी माझा एकही आकडा ऐकीव नव्हता. इथे मासे जगतील, असे मी छातीठोक सांगितले.

गावाने दुधाचे कॅन आणले, दुधाचा टेम्पो आणला. मासे धरायला जाळे लागलेच नाही. भागूबाई डोहात उभ्या राहिल्या, बांगड्या वाजवल्या, आणि मासे आपण होऊन त्यांच्या हातांत आले. सहादेव एकेकाला उचलून कॅनमध्ये सोडत होता आणि रडत होता. अठ्ठावन्न मासे निघाले. वाटेत, कॅनच्या उकाड्यात सतरा गेले. एकेचाळीस बंधाऱ्याच्या पाण्यात सुटले. ते खोल गेले, चमकले आणि दिसेनासे झाले. तेव्हा अश्विनीने लॅपटॉपवर हात ठेवला आणि पहिल्यांदाच म्हणाली, ‘‘धाकटे, आज तू राखलंस गं.’’

ती शाबासकी मला एक दिवस पुरली.

बंधाऱ्यातही आधीपासून मासे होते, आणि माणसेही येत होती. माणसाची सावली पडली की तिथला मासा तळाला जातो. तो तसा शिकला म्हणूनच जगला. डोहातल्या माशांना हे कोणी शिकवले नव्हते. पिढ्यान् पिढ्या त्यांना माणूस म्हणजे कणीक. पाच तारखेच्या संध्याकाळी बंधाऱ्याच्या भिंतीवर कुठली तरी मंडळी जेवायला बसली होती, पाय पाण्यात सोडून. कोणाच्या तरी हातातला भाकरीचा तुकडा पडला. आमचे मासे वर आले. त्यांच्या पायांशी येऊन, दगडाला तोंड लावून उभे राहिले.

गळ लागला नाही. जाळे लागले नाही. पातेल्याने काढले.

मी खोली बघितली होती, मित्रांनो. वेग बघितला होता, गारवा बघितला होता, तळाचे गोटेसुद्धा बघितले होते. मासा माणसाला भितो की नाही, हा रकाना माझ्यात नव्हताच. माझ्यातला प्रत्येक आकडा बरोबर होता आणि मी सांगितलेली जागा चूक होती.

सहा तारखेला सकाळी भागूबाई चार किलोमीटर चालत बंधाऱ्यावर गेल्या. पदरात कणकेच्या गोळ्या होत्या. त्यांनी बांगड्या वाजवल्या. पुन्हा वाजवल्या. मग त्यांना भिंतीवर रुपयाएवढाले सोनेरी खवले वाळलेले दिसले. अश्विनी मागून पोचली तेव्हा त्या खवले वेचून ओटीत घेत होत्या.

‘‘मानसापाशी यायचं त्यांना मीच शिकवलं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी कशापायी शिकवलं गं?’’

अश्विनी त्यांच्याजवळ भिंतीवर बसली. तीही खवले वेचू लागली. मी पिशवीत होते.

चौदा तारखेला समितीची बैठक झाली. सदतिसावा छेद दुरुस्त केल्याची नोंद झाली आणि पुढच्या वर्षापासून उन्हाळ्यात नदीला थोडे पाणी सोडावे, असे ठरले. बैल गेला अन् झोपा केला. वैजनाथ सर बैठकीनंतर एकटेच डोहावर येऊन गेले, असे सहादेवने सांगितले. चपला काढून बराच वेळ उभे होते म्हणे. डोहाच्या जागी तेव्हा भेगाळलेला गाळ होता.

अश्विनी गावात आली तेव्हा भागूबाईंनी तिला पेटी उघडायला लावली. त्या पडद्यासमोर बसल्या आणि माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, ‘‘हिला सांग, कुटं बी बोल, पर गावाचं नाव घेऊ नको. आसरांचं घर उघडं पडलं, ते लोकांनी बघाया येऊ ने. शपथ हाय तुला.’’ मग त्यांनी हळूच विचारले, ‘‘ती आदीची नदी अजून हाय का हिच्यात? खोल डोहाची?’’

होती. अश्विनीने जुनी प्रत पुसली नव्हती. तिने ती लावली. पडद्यावर डोह हिरवागार भरला. सत्तर दिवस गेले, तरी हिरवागार. भागूबाई पापणी न हलवता बघत राहिल्या. संपल्यावर म्हणाल्या, ‘‘परत लाव.’’ अश्विनीने पाच वेळा लावली. त्या पाण्यात एकही मासा नाही, कधी नव्हता, हे मला त्यांना सांगता आले नाही.

आता मी म्हातारी झाले. संस्थेने नवे मॉडेल आणले आहे. ते आकाशातून उडणाऱ्या यंत्राने नदी मोजते आणि रंगही माझ्याहून देखणे भरते. माझा लॅपटॉप कपाटाच्या खालच्या कप्प्यात पडून असतो. त्याची बिजागरी मोडली आहे. अश्विनी वर्षातून एक-दोनदा मला उघडते. नव्या मुलांना माझा सदतिसावा छेद दाखवते, दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवून.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. माझ्यासारखीला खुशाल विचारा, पण विचारण्याआधी पाण्यात उतरा. जिथे काठी घालायला जीव धजत नाही, तिथे आधी घाला. ज्याला तुम्ही देव मानता त्याची खोली विचारणे म्हणजे त्याचा अपमान नव्हे, हो. त्याला जपायचे तर ती ठाऊक हवी. एखाद्याच्या हातून काही घडले असेल आणि तो मान खाली घालून पट्टी पुसत बसला असेल, तर त्याला रागवू नका, बोलते करा. आणि कोणाला माया लावाल, तर त्याला थोडे भ्यायलाही शिकवा. हे शेवटचे मला सांगताना फार वाईट वाटते, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पुढच्या पावसाळ्यात थोरलीला पाणी आले. डोह भरला. खडस मासा मात्र आला नाही. भागूबाई अजून रोज सकाळी आंघोळ करून येतात, बांगड्या वाजवतात आणि कणकेची गोळी पाण्यात सोडतात. गोळी कोणी खात नाही. ती सावकाश खाली जाते आणि तळाच्या गाळावर जाऊन बसते. किती खोल गेली, ते आता मला अचूक सांगता येते.